कानानें वाचलेलीं पुस्तकें

ग्रंथांविषयीं मत देणें ही आपल्या पुण्यांत कोणास अवघड वाटणारी गोष्ट नव्हे. ज्यानें ग्रंथ वाचला आहे तो मत देतो, ज्यानें तो नुसता चाळला आहे तो अधिक ठाम मत देतो, आणि ज्यानें केवळ परीक्षण वाचलें आहे त्याच्या मतापुढें या दोघांसही माघार घ्यावी लागते. अशा स्थितींत आणखी एकाच्या मतांची भर कशाला, असें वाचकांनीं विचारल्यास तें योग्यच होईल. माझें उत्तर एवढेंच कीं, पुढें दिलेलीं मतें डोळ्यांनीं बनविलेलीं नाहींत. तीं तोंडानें व कानानें बनलीं आहेत, आणि तीं एकट्याचीं नसून दोघांचीं आहेत. गेलीं साडेतीन वर्षें मीं एकही मराठी पुस्तक मनांतल्या मनांत वाचलेलें नाहीं. जें वाचलें तें मोठ्यानें वाचलें, आणि समोर ऐकणारें माणूस होतें.

'वाचणें' हा शब्दच पाहा. त्याच्या मुळाशीं 'वाच्' आहे, म्हणजे वाणी. संस्कृतांत 'वाचयति' म्हणजे बोलवितो, म्हणवितो. लिहिलेल्या अक्षरांस बोलावयास लावणें हेंच वाचन. आपल्या घरांतून पोथी मोठ्यानेंच वाचीत. पाडव्याच्या दिवशीं पंचांग पाहावयाचें नसतें, ऐकावयाचें असतें. आणि ज्ञानेश्वरी तर ज्ञानदेव बोलत गेले व सच्चिदानंदबाबा लिहीत गेले, अशा रीतीनें शके १२१२ मध्यें, म्हणजे १२९० सालीं, नेवाशास सिद्ध झाली. ओठ मिटून, एकट्यानें कोपऱ्यांत बसून वाचण्याची रीत या सर्वांच्या मानानें अलीकडची. ती सोयीची आहे यांत संशय नाहीं. परंतु तिच्यामुळें पुस्तकाची एक परीक्षा आपल्या हातून सुटली, असें मला आतां वाटूं लागलें आहे.

ही परीक्षा मजकडे आली ती मी शोधीत गेलों म्हणून नव्हे. माझी थोरली बहीण, जिला घरांतील सारे अक्का म्हणतात, पंचाहत्तरीच्या सुमारास काचबिंदूनें दृष्टि गमावून बसली. हा विकार बहुधा दुखत नाहीं, खुपत नाहीं. डोळ्यांतील दाब वाढून दृष्टीची शीर थोडथोडी निकामी होते. कडेचें दिसणें आधीं जातें, समोरचें शेवटीं. म्हणून रोग्यास तो उशिरां कळतो. राहिलेली दृष्टि उपचारांनीं राखतां येते, गेलेली परत आणतां येत नाहीं. चाळिशी उलटलेल्या प्रत्येकानें डोळ्यांचा दाब तपासवून घ्यावा, हें या लेखांतील सर्वांत उपयुक्त वाक्य समजावें.

अक्काचें शिक्षण सातवीपर्यंत झालें, वाचन मात्र शिक्षणास विचारून थांबलें नाहीं. १८४८ सालीं स्थापन झालेल्या आणि आज पुणें नगर वाचन मंदिर या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचीं पुस्तकें तिनें वर्षानुवर्षें घरीं आणिलीं. दृष्टि गेल्यावर पहिले कांहीं महिने ती पुस्तकाचें नांव काढीत नसे. कपाटापाशीं उभी राहून पुठ्ठ्यांवरून हात फिरवी आणि जाडीवरून पुस्तक ओळखी, एवढेंच. मग एके दिवशीं म्हणाली, "जन्मभर लोकांच्या मुलांना वाचून दाखवलेंस. आतां मला दाखव." त्या दिवसापासून आमचें वाचन सुरू झालें.

आमचें घर मंडईच्या पाठीमागील एका बोळांत, दुसऱ्या मजल्यावर आहे. मंडईची ती अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ सालीं उभी राहिली. मुंबई इलाख्याच्या तेव्हांच्या गव्हर्नराच्या नांवानें तिला रे मार्केट म्हणत. पुढें तिला महात्मा फुल्यांचें नांव मिळालें. लोकमान्यांचा येथील पुतळा पंडित मोतीलाल नेहरूंच्या हस्तें १९२४ सालीं उघडला गेला. घाऊक व्यापार केव्हांच गुलटेकडीस गेला, आणि २०२४ सालीं जमिनीखालून मेट्रो धांवूं लागली. तरी सकाळचा कोलाहल होता तसाच आहे. अशा ठिकाणीं मोठ्यानें वाचावयाचें तर घटका निवडावी लागते. दुपारीं एकपासून अडीचपर्यंत भाजीवाल्या बायका गोणपाटावर अंग टाकतात, हातगाड्या सावलीला लागतात, आणि आमच्या खिडकींतून एक माणूस दुसऱ्यास ऐकूं जाईल इतपत शांतता येते. तोच आमचा पाठाचा तास.

अक्कानें तीन नियम घातले. सारांश सांगावयाचा नाहीं. विचारल्यावांचून अर्थ सांगावयाचा नाहीं. आणि पुस्तक भावलें नाहीं तर पन्नास पानांनंतर तें मिटविण्याचा अधिकार तिचा. दुसरा नियम शिक्षकास किती जड जातो हें शिक्षकच जाणतील.

या रीतीनें वाचतांना पहिल्या महिन्यांतच एक गोष्ट ध्यानांत आली. डोळा स्वभावानें दयाळू आहे. पोकळ वाक्य समोर आलें तर तो त्यावरून घसरून पुढें जातो आणि लेखकास क्षमा करतो. जिभेस तसें करतां येत नाहीं. तिला प्रत्येक अक्षर उचलावें लागतें. ज्या वाक्यांत बोलणारा माणूस नाहीं तें वाक्य उच्चारतांना वाचणाऱ्यास संकोच होतो, आणि ऐकणाऱ्यास तो संकोच ऐकूं येतो. अक्का अशा वेळीं कांहीं बोलत नाहीं. नुसती पदराचें टोंक चाळूं लागते.

आरंभ केला तो लीळाचरित्रापासून. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनीं हा ग्रंथ सिद्ध केला तो चक्रधरस्वामींच्या सहवासांतील माणसांकडे जाऊन, त्यांस पुसून, त्यांच्या आठवणी ऐकून. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ मुलांस भेटतो तो दोन उतारे आणि त्यांखालीं दहा टीपा या वेषांत. मग त्यांस तो परका वाटला तर नवल नाहीं. मोठ्यानें वाचतांना निम्म्या टीपांचें काम पडेना. ती जुनीं क्रियापदें दोन दिवस अडखळवितात. तिसऱ्या दिवशीं तीं आजोळच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यासारखीं वाटूं लागतात. प्रश्नांवर प्रश्न विचारणारी महदाइसा अक्कास फार आवडली. "हिला शाळेंत घातली असती तर तुझी धडगत नव्हती," असा तिनें अभिप्राय दिला.

तोच गुण गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास' मध्यें आहे. वरसईचे हे गरीब भिक्षुक दक्षिणेच्या आशेनें उत्तर हिंदुस्थानांत गेले आणि १८५७ च्या वणव्यांत सांपडले. झांशीचा वेढा त्यांनीं शहरांत राहून पाहिला. त्यांनीं लिहिलेली हकीकत चिंतामणराव वैद्यांनीं १९०७ सालीं प्रसिद्ध केली, आणि मूळ हस्तलिखितावरहुकूम आवृत्ति दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं काढली. आम्हीं दोन्ही वाचल्या. वैद्यांनीं भाषा घासून पुसून स्वच्छ केली आहे व डोळ्यास ती सुखाची वाटते. कानास मात्र मूळचे भटजीच हवे. त्यांच्या वाक्यांस शेवट सांपडत नाहीं, कारण ओसरीवर बसून सांगणाऱ्याच्या वाक्यास शेवट नसतो, ऐकणारा "मग?" म्हणतो आणि तें पुढें चालतें. अक्का दीड महिना "मग?" म्हणत होती.

यावरून सोपें तें कानास गोड आणि अवघड तें कडू, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो चुकेल. विष्णुशास्त्री चिपळूणकरांची 'निबंधमाला' १८७४ पासून पुढें सात वर्षें निघाली. तींतील वाक्यें आजच्या तरुणास डोंगरासारखीं दिसतात. तीं उच्चारून पाहावीं. अर्ध्या पानाच्या वाक्यांतही श्वास घेण्याच्या जागा शास्त्रीबोवांनीं नेमक्या ठेविल्या आहेत. कोठें आवाज चढवावा व कोठें पाडावा हें वाक्यच सांगतें. याउलट लोकहितवादींचीं 'शतपत्रें', जीं १८४८ पासून मुंबईच्या 'प्रभाकर' पत्रांत आलीं, तीं लहान वाक्यांचीं, घाईचीं, एकच गोष्ट चार वेळां सांगणारीं. शास्त्रीबोवांनीं त्यांवर जो हल्ला चढविला तो शैलीच्या दृष्टीनें त्यांस शोभलाही. पण ऐकतांना निकाल निराळा लागतो. लोकहितवादींचा घसा दाटून आलेला ऐकूं येतो. शास्त्रीबोवांचा कधींच येत नाहीं. अक्का म्हणाली, "एक वकील आहे, आणि एकाच्या घरांत आग लागली आहे." मी शैलीचा उपासक, म्हणून शास्त्रीबोवांस सोडावयास तयार नाहीं, परंतु तिच्या या वाक्याचें खंडन मला अद्याप साधलेलें नाहीं.

जोतीराव फुल्यांच्या नांवाच्या मंडईशेजारीं राहून त्यांचा 'शेतकऱ्याचा असूड' वाचावयाचा नाहीं हें विचित्रच झालें असतें. १८८३ सालचा हा ग्रंथ मुळांतच ऐकविण्याचा. त्यांतील भाग जोतीरावांनीं स्वतः लोकांस वाचून दाखविले होते. ब्राह्मणाच्या घरांत ब्राह्मणांवरचे हे कोरडे मोठ्यानें वाचतांना आवाज आपोआप खालीं येतो. अक्काच्या तें तत्काळ लक्षांत आलें. "खिडकी लाव म्हणशील आतां," ती म्हणाली, "असूं दे उघडी. ज्यांच्यासाठीं लिहिलें आहे तीं खालींच बसलीं आहेत." इतिहासाविषयींचीं त्यांतील अनेक विधानें मला मान्य नाहींत, आणि तीं तशीं मी सांगतों. परंतु शेतकऱ्याच्या घराचें, त्याच्या अंगावरील वस्त्राचें आणि ताटांतील अन्नाचें जें वर्णन त्यांत आहे, तें वाचतांना मतभेदास जागा राहत नाहीं. तेथें जोतीराव कांहींच सजवीत नाहींत. एकेक वस्तु उचलून दाखवितात. त्याच काळांतील, १८८२ सालच्या, ताराबाई शिंद्यांच्या 'स्त्री-पुरुष तुलने'चाही असाच अनुभव. तें पुस्तक डोळ्यांनीं वाचिलें तर निबंध वाटतो. तोंडानें वाचिलें तर माजघरांतून बाहेरच्या खोलींत येऊन, कमरेस पदर खोंचून बोलणारी बाई समोर उभी राहते. अक्कानें तें सलग दोन वेळां वाचावयास लाविलें.

आतां एका पुस्तकाविषयीं जरा सविस्तर लिहावयाचें आहे. हरि नारायण आपटे यांची 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' पत्रांतून १८९० पासून क्रमशः आली. यमूनें स्वतःची कथा स्वतःच सांगितली आहे, त्यामुळें ती उच्चारतांना साठी उलटलेल्या पुरुषासही आपण परकी वस्त्रें नेसलों आहों असें वाटत नाहीं. हरिभाऊंचें हें केवढें सामर्थ्य! आम्हीं दररोज वीसएक पानें वाचीत होतों. यमूच्या केशवपनाचा प्रसंग जवळ आला तेव्हां अक्का म्हणाली, "हें आज नको." मीं पुस्तक मिटलें. पुढील चार दिवस आम्हीं केतकरांच्या ज्ञानकोशांतील 'ऊंस', 'कापूस' असले निरुपद्रवी विषय वाचीत होतों.

पांचव्या दिवशीं तिनें आपण होऊन सांगितलें. आमच्या वडिलांची आत्या बालविधवा होती आणि शेवटपर्यंत आमच्याच घरीं राहिली. मी तिला पाहिलेलें नाहीं. अक्कानें पाहिलें होतें. न्हावी मागल्या दारानें येई, व तो यावयाचा असला कीं मुलांस पुढल्या अंगणांत धाडीत. एकदां अक्का पाणी पिण्यास म्हणून मागें गेली. आत्या पाटावर खालीं मान घालून बसली होती, आणि मूल आलेलें पाहून तिनें प्रथम कोणता हात पुढें केला असेल तर तो अक्काचे डोळे झांकण्यासाठीं. एवढें सांगून अक्का म्हणाली, "वाच आतां." मीं वाचलें. तो भाग मीं विद्यार्थीदशेपासून अनेकदां डोळ्यांखालून घातला होता, त्यावर वर्गांत बोललोंही होतों. पण तो पुरता उच्चारण्यास किती वेळ लागतो हें त्या दुपारीं कळलें. हरिभाऊंच्या रचनेंत पाल्हाळ आहे असें टीकाकार म्हणतात, आणि कित्येक ठिकाणीं तें खरेंही आहे. परंतु कांहीं प्रसंग असे असतात कीं, ते लवकर संपूं नयेत हाच न्याय असतो.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'स आमच्याकडे पहिला मान आहे. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्रांत दुःख थोडें नाहीं. वडिलांच्या सोवळ्याचा अतिरेक, नवऱ्याचा लहरी स्वभाव, १८९५ सालीं रेव्हरंड टिळकांनीं केलेलें धर्मांतर, पांच वर्षांची ताटातूट, आणि मग स्वतःचा तो निर्णय. पण बाई सांगतात हंसत हंसत, आणि हंसतां हंसतां मध्येंच एक वाक्य असें टाकतात कीं वाचणाऱ्याचा आवाज फुटतो. मराठींतील सर्वांत उत्तम गद्य कोणतें असें मला कोणी विचारलें तर मी पंडितांच्या सभेंतही याच पुस्तकाचें नांव सांगेन.

'श्यामची आई' विषयीं मात्र माझें मत एका अटीसह आहे. साने गुरुजींनीं १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत तें लिहिलें, आणि त्याचे भाग पाडले ते प्रकरणांत नव्हे, रात्रींत. श्याम रोज रात्रीं आश्रमांतील मित्रांस एक आठवण सांगतो. ही रचना लेखकानें उगीच केलेली नाहीं. एका दिवशीं एकच रात्र वाचावी. तीन रात्री एका बैठकींत वाचल्या तर अश्रु स्वस्त होतात, आणि मग आजचीं मुलें त्या पुस्तकास हंसतात तीं कांहींशीं सकारण हंसतात. दोष पुस्तकाचा नसून घाईचा आहे.

जेथें आमचे तीव्र मतभेद झाले असें पुस्तक म्हणजे रणजित देसायांचें 'स्वामी'. १९६२ सालची ही कादंबरी अक्काची आवडती. मला तींतील माणसें फार सुंदर बोलतात असें वाटतें. पेशव्यांच्या वाड्यांत कोणी साधें "पाणी आण" म्हणत असेल कीं नाहीं अशी शंका येते. अक्काचें म्हणणें असें, "दिवसभर खालीं मेथीच्या जुडीवरून दोन रुपयांची घासाघीस ऐकायची, घटकाभर कोणी सुंदर बोललें तर तुझें काय जातें?" या युक्तिवादांत तथ्य नाहीं असें नाहीं. माधवराव थेऊरास अखेरच्या दुखण्यांत पडतात तेथें मीही कुरकूर थांबविली. कांहीं पुस्तकें परीक्षेस बसविण्यासाठीं नसतात, सोबतीस असतात.

पु. ल. देशपांड्यांची अडचण निराळीच. 'बटाट्याची चाळ' मीं हौसेनें हातीं घेतली. दहा पानें झालीं नाहींत तोंच अक्का म्हणाली, "तुझा आवाज मध्यें येतो." महाराष्ट्रानें हें पुस्तक लेखकाच्याच तोंडून इतक्या वेळां ऐकलें आहे कीं दुसऱ्या कोणास तें वाचण्याची सोयच राहिली नाहीं. हा लेखकाचा विजय कीं पुस्तकाचें दुर्दैव, याचा निर्णय वाचकांनीं करावा.

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' १९६३ सालीं निघाली. पुण्यास शिकावयास आलेल्या पांडुरंग सांगवीकराचें तें तुटक बोलणें, तें पदोपदीं येणारें 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ', माझ्या संस्कृत कानास प्रथम खड्यासारखें लागलें. पन्नास पानांची मुदत जवळ येत होती, पण अक्का म्हणाली, "हा मुलगा रडूं नये म्हणून असा बोलतो आहे. पुढें वाच." पुढें पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यु येतो. भावानें बहिणीस वाचून दाखवावा असा तो भाग नव्हे. तो वाचून झाल्यावर आम्हीं चहा घेतला आणि त्या दिवशीं पुढें वाचलें नाहीं. दया पवारांचें १९७८ सालचें 'बलुतं' हेंही ऐकण्याचें पुस्तक आहे. त्यांत लेखक आपल्याच जुन्या रूपाशीं, दगडूशीं, बोलतो. आमच्यासारख्या घरांतून ज्या जगाकडे पाठ फिरविण्यांत आलीं त्या जगाचा आवाज आमच्याच माजघरांत, माझ्याच तोंडून यावा, हें मला योग्य वाटलें. आणि इरावतीबाई कर्व्यांचें 'युगान्त' हें १९६७ सालचें पुस्तक आम्हीं भांडत भांडत वाचलें. भीष्मास त्या जाब विचारतात तो मला कठोर वाटतो, अक्कास तो उशिरां विचारलेला वाटतो. परंतु महाभारतासारख्या विषयावर एकही विशेषण उगीच न खर्चितां कसें लिहावें, याचा तो वस्तुपाठ आहे.

केवळ ललित वाङ्मयच वाचतों असें नाहीं. दुर्गाबाई भागवतांचें 'ऋतुचक्र' आम्हीं त्या त्या महिन्यांत त्या त्या महिन्याचें प्रकरण अशा रीतीनें वर्षभर पुरविलें. ज्यास झाड दिसत नाहीं त्यास हें पुस्तक कितपत रुचेल अशी मला भीति होती. ती फुकट गेली. अक्का खालून मंडईंतून येणाऱ्या वासांवरून पुस्तकाचा ताळा घेत असे. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' तर तिनें स्वतः मागितली. १९७० सालचें हें पुस्तक पाकशास्त्राचें खरें, पण त्याची भाषा पाहावी. शेजारच्या खोलींतून जाऊ सांगते आहे अशी ती वाटीच्या आणि चमच्याच्या मापानें चालते. एक शब्द कमी नाहीं, एक जास्त नाहीं. शास्त्रीय विषयावर लिहिणाऱ्या विद्वानांनीं ती अवश्य अभ्यासावी. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या २३ खंडांच्या ज्ञानकोशाचा उल्लेख वर आलाच आहे. एकट्याच्या ध्यासानें उभें राहिलेलें तें काम, आणि त्यांत मधूनच केतकरांचा स्वतःचा विक्षिप्त, स्पष्ट आवाज ऐकूं येतो. पावसाळ्यांत कधीं कधीं मी 'मेघदूत' म्हणतों. अक्कास संस्कृत येत नाहीं. मंदाक्रांतेची संथ चाल तिला पुरते. अर्थ सांगूं लागलों तर दुसरा नियम आड येतो.

आतां जें उतरलें नाहीं त्याविषयीं. अलीकडे इंग्रजीवरून झटपट केलेलीं भाषांतरें पुष्कळ निघतात. त्यांचे शब्द मराठी, पण वाक्य उभें राहतें तें परक्या पायांवर. तीं वाचतांना जीभ मुरगळते. यशस्वी होण्याचे उपाय सांगणारीं पुस्तकें पदपथावर ढिगानें मिळतात. त्यांतील एक आम्हीं घेतलें. अक्कानें तें पन्नास पानांऐवजीं पांच पानांवरच मिटविलें, म्हणाली, "हा मला ओळखत नाहीं आणि सारखा खांद्यावर हात ठेवतो."

भाच्यानें तिला मोबाइलवर ध्वनिमुद्रित पुस्तकें लावून दिलीं आहेत. तीं वाचणारे आवाज माझ्यापेक्षां शतपटींनीं चांगले आहेत, आणि ज्या अंध माणसाजवळ वाचून दाखविणारें कोणी नाहीं त्यास तीं वरदानच होत. अक्का रात्रीं झोंप येईना झाली कीं तीं ऐकते. पण दुपारीं तीं नकोत म्हणते. त्या आवाजास "थांब" म्हटलें तर तो यंत्रासारखा थांबतो. वाचणारें माणूस थांबतें तें तिच्याकडे पाहून थांबतें. आणि भांडावयाचें कोणाशीं?

एवढ्या अनुभवावरून कुटुंबांतील मंडळींस एक सुचवावेसें वाटतें. डोळे शाबूत असतांनाच हा परिपाठ सुरू करावा. दिवसाकाठीं अर्धा तास, घरांतल्या एकानें मोठ्यानें वाचावें आणि बाकीच्यांनीं ऐकावें. पुस्तक कोणतें यावर वाद होईल. तो होऊं द्यावा. वाचनानें मुलांचे उच्चार सुधारतील, शब्दसंग्रह वाढेल, हे लाभ शिक्षक या नात्यानें मी सांगूं शकतों, व ते खरेही आहेत. परंतु खरा लाभ असा कीं, घरांतील माणसांस कोणत्या ओळीवर काय होतें हें एकमेकांस कळतें. आमच्या आत्याची हकीकत साठ वर्षें अक्कानें कोणास सांगितली नव्हती. ती विचारून निघाली नसती.

गेल्या महिन्यांत तिनें पुढील पुस्तक निवडलें. महाभारताचें चिपळूणकर आणि मंडळीनें काढलेलें जुनें मराठी भाषांतर आमच्या कपाटांत वडिलांच्या वेळेपासून आहे. ते जाड जाड खंड हातानें चांचपून ती म्हणाली, "हें घेऊं." मीं मनांत हिशेब केला. रोजच्या दीड तासानें अठरा पर्वें व्हावयास किती वर्षें लागतील आणि आमचीं दोघांचीं वयें काय, हें तिलाही माझ्याइतकेंच ठाऊक आहे. त्याविषयीं ती कांहीं बोलली नाहीं, एवढेंच विचारलें, "खूण म्हणून काय घालतोस पानांत?" मीं जुन्या पंचांगाची एक पट्टी कापून घातली आहे. सध्यां आदिपर्व चालूं आहे.